चपलांजवळ बसणारे मास्तर

नथानेल मास्तरांवर मी लिहावे का, हे मी गेले पाच आठवडे स्वतःला विचारतो आहे. त्यांच्याबरोबर वीस-वीस वर्षे काम केलेली माणसे आमच्या वस्तीत आहेत. त्यांच्या हाताखाली अक्षर गिरवून पुढे स्वतः मास्तर झालेली माणसे आहेत. मी पुण्याला कॉलेजात शिकतो, तेही आमच्या घराण्यातला पहिलाच, आणि माझे लिहिणे अजून परीक्षेतल्या उत्तरासारखे होते हे मला ठाऊक आहे. शिवाय आणखी एक कारण आहे आणि ते याहून मोठे आहे. मास्तरांची शेवटची दोन वर्षे जशी गेली, तशी ती माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळे गेली. ज्याच्यामुळे हे झाले त्यानेच उठून त्यांच्या आठवणी सांगाव्यात, हे काही वाचकांना रुचणार नाही. त्यांनी मला क्षमा करावी... किंवा निदान शेवटपर्यंत वाचावे आणि मग काय ते ठरवावे.

नाशिक शहराच्या बाहेर, नदीच्या अलीकडे, आमची ख्रिस्ती वस्ती आहे. काही घरे, एक शाळा, एक दवाखाना, मिशनची बाग आणि कौलारू देऊळ; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. मास्तर शाळेत पहिलीचा वर्ग घेत आणि आठवड्यातून दोन दिवस उपदेशक म्हणून खेडोपाडी जात. उंच, खांद्यात जरा वाकलेले, कोटाच्या खिशात नेहमी खडूचा तुकडा. गाणे त्यांना अजिबात येत नसे, आणि तरी देवळातले प्रत्येक गीत ते सगळ्यांच्या आधी सुरू करीत. त्यांनी जिथे सूर धरला असेल तिथे सगळ्या मंडळीला चढावे किंवा उतरावे लागे. त्यांच्या पत्नी रूथबाई म्हणत, “ह्यांना देवानं सगळं दिलं, कान तेवढे द्यायचे राहून गेले.”

विंचूरच्या बाजाराला मी त्यांच्याबरोबर दोन-तीनदा गेलो होतो. कांद्याच्या ढिगांमधल्या वाटेत उभे राहून ते बोलायला लागत, आणि लोक ऐकत कमी, चिडवीत जास्त. एकदा येवल्याहून लुगडी विकायला आलेला एक म्हातारा मुसलमान विणकर त्यांचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून म्हणाला, “मास्तर, तुमचं न् आमचं भांडण एकच निघालं. तकदीर मोठी का तदबीर, नशीब मोठं का माणसाचा यत्न. आमचा उस्ताद पोरांना सांगतो, सगळं आधीच लिहिलेलं असतं. आणि पाठ केलं नाही तर छडी मारतो.” मास्तर इतके हसले की हसता हसता कुणाच्या तरी कांद्याच्या पोत्यावर बसले आणि पोतेवाल्याची बोलणी खाल्ली.  परतीच्या वाटेवर बरेच पुढे आल्यावर म्हणाले, “त्याचं बरोबर आहे रे. तो छडी मारणारा उस्ताद कुठल्या बाजूचा, हे मला अजून सांगता येणार नाही.”

ज्या भांडणाबद्दल तो विणकर बोलला, ते आमच्या वस्तीत वर्षानुवर्षे चालू होते. माणसाचे तारण कशाने होते? देव कृपा करतो म्हणून, की माणूस आपल्या इच्छेने ती कृपा स्वीकारतो म्हणून? दोन्ही पाहिजेत असे सगळेच म्हणतात. आधी काय, यावर वाद. हा वाद पुस्तकातला आहे असे मला कॉलेजात गेल्यावर कळले, आणि तो फार जुना आहे, मोठमोठ्या विद्वानांनी त्यावर एकमेकांना शाप दिले आहेत, हेही कळले. आमच्याकडे तो रविवारी दुपारी देवळामागच्या चिंचेखाली होई, आणि त्याच्या एका बाजूला मास्तर असत व दुसऱ्या बाजूला आमच्या देवळाचे धर्मगुरू, पाळकसाहेब.

पाळकसाहेब पंचवटीतल्या ब्राह्मण घरातले. कॉलेजात असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी जिवंत मुलाच्या नावाने रामकुंडावर तिलांजली दिली. आई त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली. नदीच्या त्या काठाला आई आणि ह्या काठाला हे, मध्ये उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, पण भेट झाली नाही. मास्तरांचे याच्या अगदी उलट. शतकाच्या सुरवातीच्या मोठ्या दुष्काळात मिशनची बैलगाडी निफाडच्या वाटेवरून पडलेली मुले गोळा करीत आली, तीत ते होते. वय तीन की चार, कुणालाच नक्की माहीत नाही. पुरती शुद्ध नव्हती. नाव विचारले तर सांगता आले नाही, म्हणून मिशनने नाव ठेवले. त्यांना शुद्ध आली तेव्हा ते ख्रिस्ती झालेले होते.

मी कॉलेजात असतानाच एका वर्षी येवल्याच्या परिषदेत अस्पृश्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा झाली होती, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या मिशनांत एकच बोलणे होते. उद्या गावेच्या गावे आपल्याकडे आली तर त्यांना कसे घ्यायचे? पाळकसाहेबांचे म्हणणे, एकेकाला नाव घेऊन विचारायचे. वर्षभर शिकवायचे, मग विचारायचे, आणि तो स्वतःहून हो म्हणाला तरच बाप्तिस्म्याचे पाणी घालायचे. एका रविवारी चिंचेखाली मास्तर म्हणाले, “मला कुणी विचारलं नव्हतं, साहेब.”

“तुम्ही लहान होता.”

“आणि विचारलं असतं तरी मी काय म्हणालो असतो? पाणी द्या म्हणालो असतो. पिण्याचं.”

सगळे हसले. इगतपुरीला रेल्वेत असलेले माझे एक चुलते त्या दिवशी आले होते, त्यांनी मध्येच आपले घातले. घाटात गाडीला मागूनही एक इंजिन लावतात, म्हणाले. डब्यात बसलेल्याला वाटते पुढचेच ओढते आहे. मास्तरांना हे फार आवडले. पाळकसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, “मास्तर, पुरात वाहणाऱ्या दोघांना हात दिला. एकानं धरला, एकानं धरला नाही. धरायचं बळही देवच देतो असं तुम्ही म्हणता. मग दुसऱ्याला ते बळ दिलं नाही कुणी?”

मास्तरांनी उत्तर दिले नाही. मी चिंचेच्या मुळावर बसलो होतो, तिथून मला त्यांचा चेहरा दिसत होता. नेहमी तोंडावर उत्तर असणारा माणूस खिशातला खडू बोटांनी चुरत उभा राहिला. पाळकसाहेबांचा आवाज मग खाली आला. “सगळं देवानंच केलं असं म्हणायला मलाही आवडेल. पण आईला मी दुखवलं. माझ्या इच्छेनं. ते मी देवावर ढकलू?”

मी त्या वेळी पाळकसाहेबांच्या बाजूचा होतो, हे मला सांगितले पाहिजे. कॉलेजात जाण्यासाठी मी फार कष्ट केले होते आणि आपल्याला जे मिळाले ते नुसते मिळाले, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. पण त्याहून खरे कारण माझे वडील होते.

वडील, भागाजी त्यांचे नाव, मिशनच्या बागेत मोटेवर होते. मी नऊ वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी आशा सोडली. आई उशाशी प्रार्थना करीत बसली, आणि वडील कुणाला न सांगता उठून आपल्या मूळ गावी गेले, तिथल्या म्हसोबाला बोकड कापला आणि परत आले. मी वाचलो. महिन्याभरात ती गोष्ट वस्तीत कळली. आमच्या मंडळीचा नियम असा, की ज्याने दुसऱ्या देवाला नवस केला त्याने देवळात सर्वांसमोर उभे राहून ‘मी पाप केले, मला पश्चात्ताप झाला आहे’ अशी कबुली द्यायची. ती देईपर्यंत त्याला प्रभुभोजन नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या आधी त्याने उठून बाहेर जायचे. आणि कबुली न देताच तो मेला, तर कबरस्थानातल्या रांगेत त्याला जागा नाही. कुंपणाच्या कडेला पुरायचे.

वडील अकरा वर्षे बाहेर गेले. देवळाच्या पायरीशी सगळ्यांच्या चपला असत, तिथे ते बसत आणि हाताला चाळा म्हणून त्यांच्या जोड्या लावीत. लोक थट्टेने म्हणत, भागाजी असला की चपला हरवत नाहीत. आई आत जाई, भाकर घेई आणि डोळे पुसत बाहेर येई. मी मॅट्रिकला असताना ती गेली. तिसऱ्या रांगेत, निंबाखाली तिला पुरले, आणि शेजारी एक जागा रिकामी होती. त्या दिवसापासून मला दुसरे काही सुचेना. वडिलांना खोकला होता, पायांवर सूज येऊ लागली होती. मी पाळकसाहेबांकडे ती जागा त्यांच्यासाठी मागूनही ठेवली. ती जागा त्यांना मिळाली पाहिजे, आणि त्याच्याही पुढे, आई जिथे गेली तिथे ते गेले पाहिजेत. त्यासाठी त्यांनी फक्त दोन वाक्ये बोलायची होती.

सुटीत मी त्यांच्या मागे लागलो. शास्त्रातली वचने काढून दाखवली, माणसाची इच्छा मोकळी आहे, तिचा उपयोग करा, असे कॉलेजात शिकलेल्या शब्दांत सांगितले. ते मोटेचा दोर दुरुस्त करीत ऐकत राहिले. मग म्हणाले, “मी चुकलो म्हनू? बरं, म्हनतो. मंग तू जिता हायेस, ते बी चुकलंच म्हनायचं का?”

मी शास्त्र मिटले आणि दोराचे दुसरे टोक धरले. 

पुढच्या उन्हाळ्यात मी आलो तेव्हा त्यांनी अंथरूण धरले होते. छातीत पाणी झाले होते आणि आडवे झाले की श्वास कोंडे, म्हणून भिंतीला टेकून बसत. पाळकसाहेब एका दुपारी आले. मी खुर्ची आणली, पण ते खाली सारवलेल्या जमिनीवर बसले. इकडचे तिकडचे बोलले नाहीत. त्यांनी वडिलांचा हात धरला आणि म्हणाले, “भागाजी, एवढंच म्हण, की तेव्हा माझा विश्वास डळमळला. तोंडानंही म्हणू नकोस. नुसती मान हलव.”

मी दारात उभा होतो. माझीच मान हलली असेल. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिले. “सायेब,” ते म्हणाले, “मरत व्हतं ते पोरगं माझं व्हतं.” आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केले.  पाळकसाहेब उठले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. बाहेर येऊन मला म्हणाले, “माझ्या मनासारखं करायला मी मोकळा असतो, यशवंत, तर...”  छत्री उघडली आणि उन्हातून निघून गेले.

उन्हे उतरल्यावर मास्तर आले. त्यांच्या धोतराच्या सोग्यात रूथबाईंनी केलेली भाकरी होती आणि हातात झाकलेला पितळेचा पेला. मनुका भिजत घालून त्यांचे पाणी आमच्याकडे द्राक्षरस म्हणून वापरतात, ते त्यात होते. त्यांनी दार लावून घेतले आणि मला खाली बसायला सांगितले. तेव्हा मला कळले की काय होणार आहे. उपदेशकाला प्रभुभोजन देण्याचा अधिकार नसतो. तो फक्त पाळकाचा. आणि कबुली न दिलेल्याला तर पाळकालाही देता येत नाही.  इतकी वर्षे पाटीवर अक्षर काढणाऱ्या हाताने मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांनी वडिलांना काहीही विचारले नाही. थोडक्यात प्रार्थना केली, तुकडा त्यांच्या हातात दिला, पेला ओठांना लावला.

वडिलांनी हळूहळू चावून तो गिळला. मग म्हणाले, “आत घेतलं का मला, मास्तर?”

“तू बाहेर होतास कधी, भागाजी?”

वडील हसले. त्यांना हसवत नव्हते, तरी हसले. “मंग अकरा वर्सं चपला कोन राखत व्हतं?”

निघताना मास्तर अंगणात थांबले. मी काही बोलण्याच्या आत म्हणाले, “कुणाला सांगू नकोस असं मी तुला म्हणणार नाही. तुला खोटं बोलायला लावायला मी आलो नव्हतो.”

तिसऱ्या दिवशी पहाटे वडील गेले. वैशाखाचे ऊन, दुपारच्या आत सगळे उरकावे लागणार होते. कबर खणणारा माणूस फावडे घेऊन अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि कुठे खणू म्हणून विचारू लागला. तेवढ्यात पाळकसाहेब आणि मंडळीचे दोन पंच आले. शेजारपाजारचे जमले होते, मास्तरही होते. पाळकसाहेबांनी मला जवळ घेतले आणि विचारले, “शेवटी काही बोलले का, यशवंत? कबुलीचा एखादा शब्द?” त्यांना हो ऐकायचे होते. त्यांच्या आवाजात ते इतके स्पष्ट होते की मी नुसता ‘हो’ म्हणालो असतो, तरी त्यांनी पुढे काही विचारले नसते.

मला ‘हो’ म्हणता आले नाही. पण वाचकहो, मी भित्रेपणाने किंवा प्रामाणिकपणाच्या गर्वाने तसे केले असे समजू नका. मला वाटले, माझ्याजवळ कबुलीहून मोठी गोष्ट आहे. ज्याच्या मुखात प्रभूची भाकर गेली त्याला कुंपणाला कोण पुरील? वर्गात सिद्धान्त मांडावा तसे मला ते सरळ दिसत होते. मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, “कबुली दिली नाही. पण परवा मास्तरांनी त्यांना प्रभुभोजन दिलं. बाबांनी ते घेतलं.”

 पाळकसाहेबांनी विचारले, “कुणी दिलं?” मी पुन्हा सांगितले. एका पंचाने दुसऱ्याकडे पाहिले. तेव्हा कुठे मला समजू लागले की मी वडिलांसाठी जे पुढे केले, ते मास्तरांवर जाऊन पडले आहे. मी काही सावरून घेण्याच्या आधी मास्तर पुढे झाले. “दिलं, साहेब,” ते म्हणाले. “ते खरं आहे.”

वडिलांना कुंपणाच्या कडेलाच पुरले. जमीन तिथे मुरमाची, पहार लागत नव्हती. मास्तरांनी कोट काढून ठेवला आणि खणणाऱ्याच्या हातातून फावडे घेतले.

आठ दिवसांनी शाळेच्या खोलीत पंच बसले. मला साक्षीला बोलावले होते. मी जे सांगितले होते तेच पुन्हा सांगितले. मास्तर पहिलीच्या मुलांच्या बाकावर गुडघे वर घेऊन बसले होते. त्यांना विचारले, चूक झाली असे देवळात सर्वांसमोर म्हणाल का? त्यांनी सांगितले, मला अधिकार नव्हता आणि मी नियम मोडला, हे मी देवळात काय, बाजारात उभा राहून म्हणेन. पण भागाजीला मी दिले ते त्याला पोचले नाही, ते द्यायला नको होते, असे म्हणणार नाही. पाळकसाहेब म्हणाले, “मग तो पश्चात्ताप होत नाही, मास्तर.” मास्तर म्हणाले, “नाही होत.” इतके शांतपणे, जणू दोघे मिळून एखादे गणित तपासत होते. त्यांचे उपदेशकपण गेले आणि प्रभुभोजन बंद झाले. शाळा राहिली. पुढच्या पहिल्या रविवारी ते उठून बाहेर गेले आणि पायरीशी, चपलांजवळ, बसले.

मी पुण्याला निघून गेलो. पळून गेलो म्हटले तरी चालेल. मास्तरांना मी तीन पत्रे लिहायला घेतली आणि एकही टाकले नाही. सुटीत घरी येई तेव्हा रूथबाईंच्या घरावरून जाण्याचे टाळी. एकदा विहिरीवर त्यांनीच मला गाठले. मला वाटले आता बोलतील. त्या म्हणाल्या, “काय रे येशा, पुण्याला गेलास तसा पाय दुखायला लागला का? शंभर पावलं चालवत नाही आमच्यापर्यंत?” मग कळशी कमरेवर घेत म्हणाल्या, “तुझ्या बापाला बाहेर गप बसता येत होतं. ह्यांना येत नाही. गाणं सुरू करतात बाहेरून.” आणि ते खरे होते. आत प्रभुभोजनाचे गीत म्हणायची वेळ आली की पायरीवरून मास्तरांचा तो बेसूर आवाज येई, आणि आतली मंडळी क्षणभर अडखळून त्याच सुरात म्हणू लागे. त्यांना थांबवायला कुणी पंच कधी बाहेर गेला नाही.

त्यांची माझी शेवटची भेट नाताळच्या सुटीतली. पहिल्या रविवारी, भाकर वाटण्याच्या आधी, मी उठलो आणि बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. ते रागावले. मी त्यांना रागावलेले पहिल्यांदाच पाहिले. “आत जा,” म्हणाले. “तुला कुणी बाहेर काढलंय?” मी म्हणालो, मला माफी मागायची आहे. ते म्हणाले, “कशाची? खरं बोललास त्याची? ती नको मागूस.” मी तरी उठलो नाही. आत गीत चालू होते आणि त्या दिवशी त्यांनी ते सुरू केले नव्हते. ते थकलेले दिसत होते. गळ्याची शीर दिसत होती.

मग त्यांनी मला असे काही सांगितले, जे त्यांनी पाळकसाहेबांनाही सांगितले नव्हते. चिंचेखालच्या त्या दुपारी त्यांना उत्तर का देता आले नाही, हे. दुष्काळात मिशनच्या गाडीने त्यांना उचलले तेव्हा ते एकटे नव्हते. शेजारी त्यांची बहीण होती. थोडी मोठी. तिचे नाव त्यांना आठवत नव्हते, तोंडही नाही. तिचा हात आपल्या हातात होता एवढे आठवत होते, आणि तो सोडवून घेतल्याचे आठवत होते. गाडी भरली होती. आणखी एकच मूल बसेल एवढी जागा होती.

“मी म्हणतो, मला कृपेनं उचललं,” मास्तर म्हणाले. “चाळीस वर्षं म्हणतोय. मग तिला काय म्हणू? तिनं हो म्हटलं नाही म्हणून राहिली? तिला कुणी विचारलंच नाही. साहेब म्हणतात, माणसानं निवडायचं. बरं आहे त्यांचं. माझा सगळा जन्म ह्यात गेला की देवानं असं निवडलं कसं.” त्यांनी पायाशी पडलेली एक चप्पल सरळ केली. “म्हणून मला कुणी बाहेर राहिलेलं बघवत नाही, यशवंत. ह्यात धर्मशास्त्र काही नाही. भागाजीच्या घरी मी धर्मशास्त्र घेऊन आलो नव्हतो.”

मी विचारले, मग तुम्ही कबुली देऊन का टाकत नाही? रूथबाईंसाठी तरी. ते म्हणाले, “साहेब दर महिन्याला विचारतात. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, तयारीच्या शनिवारी घरी येतात, दारातूनच विचारतात, ‘मास्तर, तयार आहात का?’ मी नाही म्हणतो. मग आत येतात आणि आम्ही चहा घेतो. दोन वर्षांत एक शनिवार चुकला नाही. त्यांनी विचारायचं सोडलं तर मला बरं वाटेल, असं मला वाटायचं. आता वाटतं, त्यांनी विचारायचं सोडलं तर ते कोण उरतील?”

आतून भाकर वाटून झाल्याची शांतता आली. मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जरा ढकलल्यासारखे केले. मी आत गेलो नाही, पण त्यांना तसे वाटावे म्हणून उठून दारापर्यंत गेलो.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, परीक्षेच्या तयारीत असताना, वसतिगृहात मला पाळकसाहेबांचे पत्र आले. त्यांनी मला याआधी कधी पत्र लिहिले नव्हते. अक्षर नेहमीसारखेच सरळ होते. ते मी त्यांच्या परवानगीने इथे देतो.

“चि. यशवंत यास आशीर्वाद. नथानेल मास्तर शुक्रवारी दुपारी प्रभूकडे गेले. न्यूमोनिया झाला होता. नऊ दिवस अंथरुणावर होते. रूथबाई धीराच्या आहेत. कबर तिसऱ्या रांगेत, निंबाखालच्या रिकाम्या जागेत खणली आहे. ती जागा तू कुणासाठी मागितली होतीस ते मी विसरलेलो नाही, आणि त्याबद्दल तुझ्याशी समक्ष बोलायचे आहे. पंचांपैकी दोघे माझ्यावर नाराज आहेत व मला त्यांच्यापुढे उत्तर द्यावे लागेल, ते मी देईन. बुधवारी सकाळी मी स्वतः मास्तरांना प्रभुभोजन दिले. ते पूर्ण शुद्धीवर होते. मला ओळखले, हसले, आणि मी विचारीन म्हणून वाट पाहत राहिले. मी विचारले नाही.”